मशीनशेजारचे टोमॅटो

आमच्या घरात ऊन पस्तीस मिनिटं येतं. तेही उन्हाळ्याच्या दोन महिन्यांत, मागच्या खोलीच्या खिडकीतून. समोरच्या इमारतीवाल्यांनी गच्चीवर पाण्याची टाकी बांधली नसती तर पंचेचाळीस मिनिटं आलं असतं. हे मी घड्याळ लावून मोजलेलं आहे. मी कपडे शिवते, मोजल्याशिवाय मी काही बोलत नाही. एकदाच बोलले, आणि तीच ही गोष्ट.

दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत आम्ही दोघं झोपतो, जेवतो आणि भांडतो. मागच्या खोलीत एका बाजूला स्वयंपाकाचा ओटा आणि दुसऱ्या बाजूला माझं शिलाई मशीन. घर तिसऱ्या मजल्यावर, आणि इमारतीला लिफ्ट नाही. आमच्या ह्यांनी चाळीस वर्षं लोकांच्या लिफ्ट दुरुस्त केल्या आणि रोज संध्याकाळी तीन जिने चढून घरी आले. हा विनोद मी इतक्या वेळा केलाय की आता मी तोंड उघडायच्या आतच ते हसून मोकळे होतात.

भांडण झालं ते लेकीशी. एकुलती एक लेक. दुसऱ्या शहरात चौदाव्या मजल्यावर राहते, भिंतीच्या जागी काचा आहेत, आणि ऊन इतकं की पडदे ओढून बसावं लागतं. त्या खेपेला आली तेव्हा जिन्यात तिला बाबा भेटले, दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून उभे. गुडघा अडला होता, दुसरं काही नाही. पण ती वर आली ती चेहरा पाडूनच.

"आई, आता बास. तुम्ही दोघं आमच्याकडे चला. कायमचे."

"आणि मशीन?"

"मशीन कशाला हवंय आता? देऊन टाकू कुणाला तरी. आमच्याकडे किती शांत असतं तुला माहितीये. तुझे जावई दिवसभर घरून काम करतात. खालचे लोक तर खुर्ची सरकवली तरी फोन करतात."

तिची काळजी मला कळत होती. काळजीचा राग नव्हता आला. राग आला तो 'देऊन टाकू'चा. ही पोर तान्ही असताना तिची झोळी मी मशीनच्या टेबलाला बांधायचे. मशीन चालू असलं की ही गाढ झोपायची आणि थांबलं की किंचाळून उठायची. मग बॉबिन बदलायलासुद्धा मला भीती वाटायची. आणि आता हीच म्हणतेय, देऊन टाकू.

"मी नाही येणार," मी म्हटलं.

"अगं आई, बघ तरी जरा घराकडे. ऊनसुद्धा येत नाही इथे. या खोलीत एक झाड जगायचं नाही, आणि तुम्ही राहायच्या गोष्टी करता."

माझं डोकं फिरलं. "झाड जगेल! जगेल, फुलेल आणि फळेलसुद्धा. पुढच्या खेपेला येशील ना, तेव्हा याच खोलीतले टोमॅटो तुझ्या ताटलीत वाढीन."

"टोमॅटो?"

"टोमॅटो! आणि नाही वाढले, तर मशीन माझ्या हाताने देऊन टाकीन आणि मुकाट्याने तुझ्याबरोबर येईन."

ती माझीच लेक. तिने लगेच विचारलं, "नक्की?" आणि मीही तिची आईच. म्हटलं, "नक्की." पाच महिन्यांनी तिची सुट्टी होती, तो वायदा ठरला. टोमॅटोच का म्हणाले मी? तर ओट्यावर समोर टोमॅटो पडले होते म्हणून. तिथे कोथिंबिरीची जुडी पडलेली असती तर पुढचं सगळं किती सोपं गेलं असतं.

लेक गेली आणि ह्यांनी दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन मागच्या खोलीत गेले आणि भिंतींकडे बघत उभे राहिले.

"खिडकीचा नाद सोड," ते म्हणाले. "दिवे लावू."

"म्हणजे तुम्ही माझ्या बाजूने आहात?"

"मी माझ्या खुर्चीच्या बाजूने आहे. त्या काचेच्या घरात ही जुनी करकरणारी खुर्ची ठेवायला मिळणार नाही मला."

मग जे काही झालं ते बघायला बिल्डिंगमधली माणसं येऊन गेली. ह्यांनी लोखंडी पट्ट्यांची चार खणांची मांडणी उभी केली, ओळंबा लावून. प्रत्येक खणावर पांढऱ्या उजेडाची लांब पट्टी. तेवढ्याने कसं भागेल? लिफ्टवाले ना! प्रत्येक दिव्याला कप्पी, दोरी आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला वजन. रोप वाढलं की बोटाने दिवा जरा वर ढकलायचा, तो तिथेच थांबतो. चाळीस वर्षं माणसं वर-खाली नेली, आता उजेड वर-खाली नेत होते. दिवे लागले तेव्हा त्यांचा चेहरा असा काही झाला होता की मी उगाचच ओटा पुसायला घेतला.

डबे मी जमवले. तेलाचे, बिस्किटांचे, दोऱ्याच्या कोनांचे. तळाला भोकं पाडली ती माझ्या जाड सुईने. आधी पुदिना, पालक आणि कांद्याची पात लावली, आणि एका डब्यात, वचपा काढावा म्हणून, कोथिंबीर. आठवड्याभरात खोलीत हिरवं दिसायला लागलं. महिन्याभराने मी कात्रीने पहिला पालक कापला. कपड्याची कात्री नाही हं, ती मी कुणाला हात लावू देत नाही. वाटीभर पालक होता. जन्मभर मी लोकांनी आणून दिलेलं कापड कापलं, तिथे पहिल्यांदा स्वतः पिकवलेलं काहीतरी कापत होते. मला इतका अभिमान वाटला की ती वाटी हातात घेऊन मी समोरच्या दारात जाऊन आले. काम काही नव्हतं, फक्त दाखवायला.

टोमॅटोचं बी रोपवाटिकेतून आणलं होतं, बुटक्या जातीचं, छोट्या फळांचं. रोपवाटिकेवाल्याने विचारलं, "बाल्कनी आहे का?" म्हटलं, "नाही." "गच्ची?" "नाही." त्याने पाकीट दिलं आणि म्हणाला, "फुलं येतील हो, छान दिसतात." तेव्हाच मी खडसावून विचारायला हवं होतं की फुलं येतील म्हणजे काय. पण मी घाईत होते.

बारा रोपं जगली. त्यांची मापं मी गिऱ्हाइकांच्या वहीतच लिहायला लागले. एका पानावर कुणाच्या ब्लाउजची छाती-कंबर, पलीकडच्या पानावर टोमॅटो नंबर चार, उंची सात इंच, घेर दोन बोटं. रोपं सरळ राहावीत म्हणून ती कापडाच्या मऊ पट्ट्यांनी बांधली, सुती, आडव्या कापाच्या, म्हणजे देठाला काचायला नको. कुणाच्या मुंजीतल्या झब्ब्यालासुद्धा मी एवढं जपलं नव्हतं.

मांडणी मशीनला लागून होती. दुसरीकडे सोयीची जागा नव्हती. मी मशीन चालवलं की सगळी पानं थरथरायची.

"बघा कशी घाबरतात बिचारी," मी म्हटलं.

आणि हे माझं वाक्य आम्हाला फार महागात पडलं. कारण ते ह्यांनी मनाला लावून घेतलं. ह्यांच्या कामाचा सगळा मान एकाच गोष्टीत होता. ह्यांनी दुरुस्त केलेल्या लिफ्टमध्ये कुणी पाण्याने भरलेला पेला घेऊन उभं राहिलं, तर तळमजल्यापासून शेवटच्या मजल्यापर्यंत थेंब सांडता कामा नये. धक्का म्हणजे ह्यांचा जन्माचा वैरी. त्याच दिवशी पलंगाखालची पेटी बाहेर निघाली. तिच्यात लिफ्टच्या मोटारीखाली घालायच्या जाड रबरी गाद्या होत्या. मांडणी मशीनपासून ओढून समोरच्या भिंतीला गेली, ओट्याच्या अगदी कडेला. तिच्या चारही पायांखाली गाद्या बसल्या, प्रत्येक खणावर रबराचा पत्रा पसरला. मग ह्यांनी वरच्या खणावर पाण्याचा पेला ठेवला आणि मला म्हणाले, "चालव मशीन. चालव जोरात."

मी चालवलं. पेल्यात एक तरंगसुद्धा उठला नाही.

"आता?" ते म्हणाले. आणि मीही, काय सांगू, त्यांच्याकडे कौतुकाने बघत राहिले.

या हलवाहलवीत एक अपघात झाला. पडद्याच्या कापडाचा गठ्ठा कलंडला आणि अकरा नंबरचं रोप मधूनच मोडलं. अर्धं तुटलं, अर्धं सालीला लटकत होतं. फेकवेना. जुन्या फुटपट्टीचा तुकडा लावून मी त्याला पट्टी बांधली. ते जगलं, पण असं वाकडं झालं की मांडणीच्या खणात बसेना. म्हणून त्याला मशीनच्या टेबलावर ठेवलं, मोटारीला लागून. माझ्या डोळ्यांसाठी मशीनवर ह्यांनी एक लांब दिवा टांगला होता, त्याच्यातच त्याने भागवून घ्यायचं. हे त्याला 'लंगडं' म्हणायचे.

दोन महिने होत आले तेव्हा फुलं आली. पिवळी, लहान, मान खाली घातलेली. एकाच आठवड्यात मी सत्तावन्न मोजली. लेकीचा फोन आला, "काय म्हणतात टोमॅटो?" मी म्हटलं, "मजेत आहेत. ताटली घासून ठेव म्हणतात."

चार दिवसांनी केर काढताना मांडणीखाली पिवळं काहीतरी दिसलं. फुलं. देठासकट गळलेली, नऊ. दुसऱ्या दिवशी चौदा. मग रोजच. झाडं हिरवीगार, पानं तुकतुकीत, नवी फुलं येत होती आणि जुनी गळत होती. फळाचा मात्र पत्ता नाही. मी पाणी वाढवलं, मग कमी केलं. ह्यांनी दिवे खाली घेतले, मग वर घेतले. वापरलेल्या चहाची पूड घालून पाहिली. शेवटी मी झाडांवर ओरडून पाहिलं. आणि आम्ही जपायचं म्हणजे आणखी काय करणार, तर ह्यांनी पायांखालच्या गाद्या दुप्पट केल्या.

असा एक महिना गेला. मी केरात फुलं मोजायची सोडून दिली. माझ्यासारखीने मोजणं सोडलं म्हणजे काय झालं असेल ते समजा. एका दुपारी मी मशीनचं झाकण काढलं, आतली धूळ ब्रशने झाडली, तेल घातलं, बॉबिन रंगाप्रमाणे डबीत लावल्या. हे दारात येऊन उभे राहिले.

"एवढी साफसफाई कशाला?"

"द्यायचं तर नीट करून द्यावं."

मी शब्द दिला होता, आणि दिलेला शब्द मी उसवत नाही. पण मशीन कुणाला द्यायचं हे मनात यायला लागलं की मी ते पुन्हा पुसायला घ्यायचे. कुणाला बसायला येईल त्याच्यावर? त्याचा दाब कापड जरा डावीकडे ओढतो, ते मला माहिती आहे. दुसरी बाई पहिल्याच दिवशी शिव्या घालेल त्याला.

त्याच आठवड्यात वकीलबाई आल्या, खालच्या मजल्यावरच्या. त्यांचा काळा कोट, कोर्टात घालायचा. अस्तर फाटलं होतं आणि बाह्या आखूड करायच्या होत्या.

"परवा लागेल हं मला. मोठं प्रकरण आहे."

मी मनात म्हटलं, हा आपला शेवटचा कोट. काळ्यावर काळा टाका घालणं म्हणजे डोळ्यांची परीक्षा असते. मी सकाळी साडेअकराला बसले. एक बाही झाली, कोट उलटला, आणि बघते तो खांद्यावर पिवळी भुकटी!

"अहो!" मी ओरडले. "मशीनवर काय सांडलंत?"

"मी? मी इकडे पेपर वाचतोय."

मी कोट झटकला, ब्रश मारला, पुन्हा स्वच्छ काळा केला. दुसरी बाही लावायला घेतली. पायडल दाबलं, लांब टाका मारला, थांबले. कोटावर पुन्हा पिवळं. बारीक, पिठासारखं. माझा खडू पांढरा असतो. पिवळा खडू मी घरात ठेवत नाही. मी चष्मा पुसला आणि वर बघितलं.

वर लंगडं होतं. त्याची वाकडी फांदी नेमकी कोटावर झुकलेली, आणि तिला पाच फुलं. मी त्यांच्याकडे बघत पायडल दाबलं. मोटार घुमली, टेबल थरथरलं, फुलं थरथरली आणि त्यांच्या तोंडातून पिवळी भुकटी काळ्या कापडावर पडली. पाय काढला, भुकटी थांबली. पुन्हा दाबलं, पुन्हा पडली. मी पाच वेळा केलं. मोजून.

मग मी उठले आणि लंगड्याची पानं बाजूला केली. मागच्या बाजूला, भिंतीकडे, जिकडे मी महिनाभर बघितलंच नव्हतं, तिकडे देठाला दोन हिरवे मणी होते. एक शर्टाच्या बटणाएवढा, दुसरा कोटाच्या.

मशीन थांबलं. हे स्वतःच उठून आले. मी बोट दाखवलं. त्यांनी वाकून बघितलं, मग मशीनकडे, मग कोटाकडे, मग समोरच्या भिंतीला दुहेरी गाद्यांवर ऐटीत उभ्या असलेल्या आपल्या मांडणीकडे.

"म्हणजे धक्का हवा असतो त्यांना," ते हळूच म्हणाले.

"धक्का नाही हो. थरथर."

"तेच ते." ते माझ्या स्टुलावर बसले. "भुकटी फुलातच असते, ती हलल्याशिवाय सुटत नाही. बाहेर वारा हलवतो, मधमाश्या हलवतात. इथे कोण आहे? तू आणि तुझं मशीन. आणि मी गाद्या घातल्या."

मला हसू फुटत होतं, पण त्यांचा चेहरा बघून मी ते गिळलं. चाळीस वर्षं ज्या गोष्टीचा त्यांना अभिमान होता, त्याच गोष्टीने घात केला होता. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, "तुमच्या गाद्या एकदम पक्क्या आहेत. एक थेंब हलला नाही." तेव्हा कुठे तेही हसले.

त्याच दुपारी गाद्या निघाल्या. मांडणी पुन्हा मशीनला भिडली आणि ह्यांनी लोखंडी कोन लावून ती सरळ टेबलालाच बोल्टने आवळली. कोट सांभाळून मी एक लांब टाका मारला. चारही खणांवरची सगळी पानं, सगळी फुलं एकदम थरथरली. वकीलबाईंचा कोट मी जुन्या चादरीखाली झाकून पूर्ण केला. तो घालून त्या प्रकरण जिंकल्या की हरल्या ते मला माहीत नाही, मी विचारायला विसरले.

आता दोनच महिने उरले होते. फळ धरून पिकायला दीड महिना लागतो, हे पाकिटावर लिहिलेलं होतं. म्हणजे मशीन रोज चालायला हवं होतं. आणि नेमकी तेव्हाच कामं कमी. मग मी दारोदार फिरले. "पडदे आहेत का? उशांचे अभ्रे? फाटलंय का काही?" बिल्डिंगमधल्या लोकांना वाटलं मला पैशाची अडचण आहे. दोघीतिघींनी चांगले धड अभ्रे आणून दिले. मी ते उसवून पुन्हा शिवले. भुकटी दुपारी जास्त सुटते हे आठवड्याभरात कळलं, म्हणून अकरा ते एक मी पायडलवरून पाय काढायची नाही. एकदा मशीनचा पट्टा तुटला आणि नवा यायला दोन दिवस लागले. तेवढे दोन दिवस हे प्रत्येक फुलाच्या देठाला बोटाने टिचकी मारत बसले. ती फुलंही धरली. हे गुपित आम्ही घरातच ठेवलं.

महिन्याभरात मांडणीवर एकशे तीन फळं होती. हिरवी, पांढुरकी, मग एके सकाळी लंगड्याचं पहिलं केशरी. लिफ्टवाले आणि मी दोघं समोर उभे राहिलो. ते म्हणाले, "तू तोड." मी म्हटलं, "नाही. ते तिच्या ताटलीत."

लेक आली ती ठरल्या दिवशी, दुपारी बाराला. जिन्यात तिच्या पावलांबरोबर कसलातरी आवाज येत होता. दार उघडलं तर काखेत दोन मोठी पुठ्ठ्याची खोकी, घडी केलेली, आणि मनगटात चिकटपट्टीचं रीळ. मशीन बांधायला घेऊन आली होती. इतकी खात्री होती तिला.

"आई, आधीच सांगते, रागवायचं नाही..."

"हात धू," मी म्हटलं. "आणि मागे ये."

ती मागच्या खोलीच्या दारापर्यंत आली आणि तिथेच थांबली. चार खणांवर दिवे जळत होते. वर कोथिंबीर, पालक, पुदिना, आणि खाली तीन खण भरून टोमॅटो. लाल, केशरी, हिरवे, फांद्या वाकलेल्या, माझ्या कापडाच्या पट्ट्यांनी तोलून धरलेल्या. तिने खोकी भिंतीला टेकवली.

मी ताटली दिली. ओट्याजवळचं स्टूल ओढून तिला बसवलं. लंगड्याचा टोमॅटो तिच्यासमोर तोडला, धुतला, मधून कापला, वर चिमूटभर मीठ. तिने एक फोड तोंडात टाकली. मग दुसरी. मग स्वतः उठून मांडणीवरून आणखी तीन तोडले आणि न कापता खाल्ले. हे दाराला टेकून उभे होते. माझी मान ताठ होती. एवढी ताठ मान मी लेकीच्या लग्नातसुद्धा केली नव्हती.

"कसं केलंत?" तिने विचारलं.

मी स्टुलावर बसले आणि पायडल दाबलं. मशीन घुमलं. सगळी मांडणी थरथरली, पानं, फुलं, टोमॅटो. पिवळी भुकटी दिव्याच्या उजेडात उडाली. मी तिला कोटाची गोष्ट सांगितली, गाद्यांची सांगितली. ती हसत होती आणि डोळेही पुसत होती. टिचकीची गोष्ट मात्र राहून गेली.

"हरले मी," ती म्हणाली. "राहा तुम्ही इथेच. पण बाबांना जिना जपून चढू दे."

"तुझे बाबा लिफ्टवाले आहेत," मी म्हटलं. "जिना त्यांना कळत नाही." आणि हे माझ्याआधीच हसले.

जाताना तिने दोन रोपं मागितली. ती तिने आणलेल्याच खोक्यांत, तिच्याच चिकटपट्टीने बांधून दिली. मशीनसाठी आणलेल्या खोक्यांतून टोमॅटो गेले, हे मी खिडकीतून ती रिक्षेत बसेपर्यंत बघत होते.

दीड महिन्याने तिचा फोन आला.

"आई, झाडं इतकी छान वाढलीत. ऊन भरपूर आहे ना इथे. फुलं तर विचारू नकोस. पण सगळी गळतात गं."

"खिडक्या उघडतेस का?"

"चौदाव्या मजल्यावर कुठल्या उघडायच्या? पंखेही नाहीत, एसी आहे. घरात काही हलतच नाही." मग म्हणाली, "आई, लहान असताना मशीन थांबलं की मी रडायचे ना?"

"किंचाळायचीस."

"मलासुद्धा इथे झोप नीट लागत नाही. मला वाटायचं कामाचा ताण आहे." मग घाईने, "तू येतेस का महिनाभर? मशीन घेऊन ये. तुझ्या जावयांना मी सांगितलंय. खालच्यांचंही बघून घेईन मी. बाबांची खुर्चीपण आणा."

मी फोनवर हात ठेवला. हे समोर खुर्चीत बसून बोटाने हवेत टिचकी मारून दाखवत होते. तेवढं सांगितलं असतं तरी तिचे टोमॅटो धरले असते. मी त्यांच्याकडे डोळे वटारले आणि फोनवरचा हात काढला.

"बघते," मी म्हटलं. "कामं आहेत गं हातात. पण येईन."

टिचकीचं मी तिला तिथे पोचल्यावर सांगेन. तिथून परत निघायच्या दिवशी.